घोडा घेऊन आलेला रशियन

अलिबागहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौल आणि रेवदंडा ही जोडगावे लागतात. सुट्टीसाठी निघालेल्या मुंबईकरांच्या मोटारी नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून भरधाव पुढे जातात. रेवदंड्यात एका रशियन व्यापाऱ्याचे स्मारक आहे, याची त्यांतील अनेकांना कल्पना नसते. अफनासी निकितीन हे त्याचे नाव. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, त्याच्या सुमारे पाव शतक आधी हा माणूस याच किनाऱ्यावर उतरला होता. त्याच्यामागे राजा नव्हता, आरमार नव्हते. जवळ होता तो एक घोडा, आणि तोही विकण्यासाठी आणलेला.

निकितीन हा व्होल्गा नदीकाठच्या त्वेर शहराचा. त्या काळी त्वेर हे मॉस्कोपासून वेगळे संस्थान होते. मॉस्कोने ते १४८५ मध्ये गिळंकृत केले. त्याचे बालपण, घरदार यांविषयी इतिहास जवळजवळ मुका आहे. त्याचे ज्ञात आयुष्य सुरू होते ते प्रवासाला निघाल्यापासून, आणि संपते तेही वाटेवरच. हा प्रवास जुन्या गणनेप्रमाणे १४६६ ते १४७२ आणि नव्या संशोधनाप्रमाणे १४६८ ते १४७५ या काळातला. वर्षांच्या या घोळालाही एक करुण कारण आहे, ते पुढे येईलच.

हिंदुस्थानात येण्याचा त्याचा मुळीच बेत नव्हता. कास्पियन समुद्राच्या पश्चिमेला शिरवान नावाचे राज्य होते. तेथील राजाचा वकील मॉस्कोहून परत निघाला होता. त्याच्या सोबतीने जाऊन माल विकावा आणि नफा घेऊन घरी परतावे, एवढाच हिशेब होता. त्वेरच्या राजाचे परवानापत्रही त्याने घेतले होते. परंतु व्होल्गाच्या मुखाशी, आस्त्राखानजवळ, तातारांनी काफिल्यावर हल्ला केला आणि माल लुटला. पुढे कास्पियनमध्ये वादळ झाले, एक नौका किनाऱ्यावर आपटली आणि तीवरचे लोक स्थानिक टोळीच्या हाती लागले. शिरवानच्या राजाने मध्यस्थी करून त्यांना सोडवले. मात्र मायदेशी परतण्यासाठी मदत देण्यास नकार दिला.

तेव्हा त्या रशियनांची पांगापांग झाली. ज्यांचे मायदेशी काही शिल्लक होते ते परतले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितीन या दुसऱ्या वर्गातला असावा, असेच त्याच्या पुढील वर्तनावरून दिसते. रिकाम्या हातांनी सावकाराच्या दारात उभे राहण्यापेक्षा त्याने दक्षिणेची वाट धरली. दरबंद, बाकू, मग समुद्र ओलांडून इराण. काशान, याझ्द, लार अशी शहरे मागे टाकीत तो हुर्मुजला पोहोचला. हुर्मुज म्हणजे त्या काळची जगाची पेठ. तेथे त्याला कळले, की हिंदुस्थानात घोडे पैदा होत नाहीत आणि तेथे घोड्याला सोन्याचा भाव मिळतो.

ही माहिती खरी होती. दख्खनमध्ये बहामनी सुलतान आणि विजयनगरचे राय यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या झुंज चालू होती. दोघांनाही घोडदळ हवे होते, आणि चांगला घोडा येई तो अरबस्तान-इराणातून, चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांतून. निकितीनचा घोडा त्याला शंभर रूबलांना पडला. तो घेऊन तो जहाजावर चढला आणि मस्कत, दीव, खंबायत करीत चौलला उतरला.

येथून सुरू झाला तो त्याचा दख्खनच्या राजमार्गावरील प्रवास. चौलला त्याला सर्वप्रथम दिसली ती माणसे. उघडी अंगे, उघडी डोकी, केसांची वेणी. पण पाहणारा तो एकटाच नव्हता. जिकडे जावे तिकडे या गोऱ्या माणसाभोवती लोकांचा घोळका जमे आणि मागोमाग चाले. चौलहून तो आठ दिवसांनी डोंगरांच्या पायथ्याच्या पालीला आला, तेथून दहा दिवसांनी उम्री नावाच्या गावी, आणि आणखी सहा-सात दिवसांनी जुन्नरला. हळूहळू तो अंतरेही येथल्या मापाने मोजू लागला : चौल ते जुन्नर २० कोस, जुन्नर ते बीदर ४० कोस. त्याचा हा कोस मात्र दहा वर्स्टचा, म्हणजे दहा किलोमीटरहून किंचित मोठा आहे. वाटेतल्या धर्मशाळांतून परदेशी व्यापाऱ्यांची उतरण्याची सोय असे आणि तेथील बाया त्यांना रांधून वाढत, हेही त्याने टिपून ठेवले.

जुन्नरला पोहोचता पोहोचता पावसाळा लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असा पाऊस या उत्तरेकडच्या माणसाने कधी पाहिला नव्हता. लोक मात्र याच चिखलात नांगरतात, पेरतात, हे पाहून त्याला नवल वाटले. घोड्याला काय घालावे, हा त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. येथे गवत-ओटऐवजी हरभरा आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी घोड्यांना चारतात, हे त्याने शिकून घेतले. शंभर रूबलांचे ते जनावर जगले, तरच तो जगणार होता.

जुन्नरचा कारभार असदखानाकडे होता. हा खान माणसांच्या खांद्यांवरून फिरे. हत्ती-घोडेही त्याच्या पदरी मुबलक होते. घोड्याचा हा मालक मुसलमान नसून रशियन आहे, हे कानी येताच खानाने घोडा जप्त केला आणि त्याच्यापुढे पेच टाकला. इस्लाम स्वीकारला तर घोडा परत आणि वर एक हजार सुवर्णनाणी. न स्वीकारला तर घोडा गेलाच, शिवाय तेवढाच दंड. विचार करायला मुदत चार दिवसांची.

त्या चार दिवसांत निकितीनच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. एका बाजूला कर्ज, लुटला गेलेला माल, हजारो मैलांची पायपीट आणि उरलेले एकमेव भांडवल. दुसऱ्या बाजूला बापजाद्यांचा धर्म, ज्याचा साक्षीदार व्हायला या मुलखात दुसरा एकही रशियन नव्हता. होकार दिला असता तर त्वेरमध्ये कोणाला कळले असते? दिवस ऑगस्टमधील उपवासाचे होते. निकितीनने होकार दिला नाही. मुदतीच्या तोंडावर खोजा मुहम्मद नावाचा एक खोरासानी गृहस्थ जुन्नरला आला. निकितीनने त्याचे पाय धरले. तो खानाकडे गेला, रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला. एका मुसलमानाने टाकलेला फास दुसऱ्या मुसलमानाने सोडवला. निकितीनने मात्र या सुटकेचे श्रेय ख्रिस्ताच्या सणाला दिले.

या प्रसंगाने त्याच्या मनातील व्यापाराची उमेद मोडली. त्याने आपल्या देशबांधवांसाठी कडवट इशारा लिहून ठेवला, की हिंदुस्थानात जायचे असेल त्याने आपला धर्म रशियात ठेवून निघावे. येथे रशियाला हवा तसा माल भरपूर आहे, असे सांगणाऱ्यांनी आपल्याला फसवले, असाही त्याचा निष्कर्ष झाला. मिरी आणि रंग स्वस्त होते खरे; पण जकात भारी होती आणि समुद्रावर चाचे होते.

ऑगस्टच्या मध्याला त्याने जुन्नर सोडले आणि महिनाभर चालून तो बहामनींची राजधानी बीदर येथे पोहोचला. राज्याची सूत्रे तेव्हा महमूद गावान या वजिराच्या हाती होती. तो स्वतःही इराणच्या गिलान प्रांतातून आलेला परदेशी. निकितीनने सुलतानाच्या वाड्याचे सात दरवाजे मोजले. प्रत्येक दरवाज्यावर शंभर पहारेकरी, शंभर लेखनिक. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद होई. परदेशी माणसासाठी तो ‘गरीब’ हा अरबी शब्द वापरतो, कारण त्या भाषेत त्याचा अर्थच परका असा आहे. त्याने हत्तींच्या मिरवणुका आणि सोन्याची खोगिरे पाहिली. पण त्याच दमात, सरदार डामडौलात राहतात आणि खेड्यातली माणसे उघडीवाघडी, हेही नोंदवायला तो विसरला नाही. अखेर नाताळच्या सुमारास घोडा विकला गेला. जवळजवळ वर्षभर त्याला पोसण्यात बरीच रक्कम गेली होती.

घोड्याचे ओझे उतरले आणि हा माणूस मोकळा झाला. वाटेत तो खोजा यूसुफ खोरासानी या नावाने वावरत होता. बीदरमध्ये हिंदूंशी ओळखी वाढल्या तेव्हा त्याने त्यांना आपले खरे नाव आणि खरा धर्म सांगून टाकला. त्यानंतर त्या लोकांनीही त्याच्यापासून काही लपवले नाही. त्यांचे जेवणखाण, व्यापार, पूजाअर्चा, सोवळेओवळे त्याने जवळून पाहिले. त्यांच्यासोबत तो महिनाभर चालून श्रीशैलला शिवरात्रीच्या यात्रेला गेला. तेथील एका मूर्तीची उभी राहण्याची ढब पाहून त्याला कॉन्स्टँटिनोपलचा जस्टिनियन आठवला, आणि हे स्थान म्हणजे या लोकांचे जेरुसलेम, असे त्याला वाटले. यात टवाळी नव्हती. पवित्र म्हणजे काय, हे समजण्यासाठी त्याच्याजवळ तेवढीच एक मोजपट्टी होती.

त्याच्या स्वतःच्या सणांची मोजपट्टी मात्र हरवली होती. व्होल्गावरच्या लुटीत त्याचे धर्मग्रंथ गेले होते. ईस्टर कधी, उपवास कधी, हे ठरवायला साधन उरले नव्हते. तो अंदाजाने उपवास करी, कधी मुसलमानांच्या रोजांबरोबर उपाशी राही, आणि आपण चुकत तर नाही ना या विचाराने व्याकूळ होई. आज विद्वानांना त्याच्या प्रवासाची वर्षे निश्चित करताना जो त्रास होतो, त्यामागे हीच हरवलेली तिथी आहे. त्याच्या वहीत रशियन मजकुरात मधूनच तुर्की, फारसी, अरबी शब्द येतात. प्रार्थना तर कित्येकदा त्याच भाषांत आहेत. यावरून त्याने मनोमन धर्म बदलला होता, असे काही अभ्यासक म्हणतात; इतरांना ते मान्य नाही. जुन्नरला भीती आणि लोभ या दोहोंपुढे जो वाकला नाही, त्याची प्रार्थना सहवासाने मात्र बदलत गेली, एवढे निश्चित. मायदेशाविषयीची त्याची मनातली गोष्टही त्याने तुर्कीतच लिहिली : रशियासारखी भूमी जगात नाही, पण तेथील सरदार न्यायी नाहीत.

घराची ओढ अखेर अनावर झाली. दाभोळ बंदरात दोन सुवर्णनाणी भरून तो हुर्मुजला जाणाऱ्या जहाजावर चढला. जहाज भरकटून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. तेथील लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकरी देऊन प्रवाशांनी लूट टाळली. पुढे इराण, तब्रीझ, मग काळ्या समुद्रावरील त्राबझोन. तेथे तुर्की अधिकाऱ्यांनी हेर समजून त्याच्या सामानाची झडती घेतली आणि किडूकमिडूक लांबवले. समुद्र ओलांडून तो क्रिमियातील काफा येथे पोहोचला, आणि उत्तरेकडे निघाला. त्वेर आता टप्प्यात आले होते. परंतु स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच त्याला मरण आले.

त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोत आणल्या आणि १४७५ मध्ये त्या राजदरबारातील वासिली मामिरेव या अधिकाऱ्याकडे पोहोचल्या. तेथून त्या इतिवृत्तांत उतरल्या. ‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ या नावाने ओळखला जाणारा हा मजकूर १९ व्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करामझिन यांना एका मठाच्या ग्रंथसंग्रहात सापडला, तोवर निकितीन विस्मृतीतच होता. पुढे १९५५ मध्ये त्वेरला त्याचा पुतळा उभा राहिला आणि १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास व वासिली प्रोनिन यांच्या ‘परदेसी’ या चित्रपटातून तो भारतीय प्रेक्षकांना भेटला.

व्यापारी म्हणून पाहिले तर हा माणूस अयशस्वीच. घरून नेलेला माल लुटला गेला, घोड्याला वर्षभर पोसावे लागले, आणि रशियात खपेल असा जिन्नस त्याला दख्खनमध्ये मिळाला नाही. सावकाराचे कर्ज फिटले की नाही, हे विचारायला तो घरी पोहोचलाच नाही. त्वेरच्या दिशेने पोहोचल्या त्या फक्त वह्या. त्यांत पालीपर्यंतचे आठ दिवस होते, जुन्नरचा पाऊस होता, आणि घोड्यासाठी शिजवलेल्या खिचडीची कृतीही होती.