विश्लेषण : सर्व्हरला रांगेची शिस्त लावणारे एड्सगर डाइक्स्ट्रा कोण होते?

केंदूरहून पुण्यात शिकणाऱ्या मुलीला मोबाइलवरून पाठवलेले पैसे मध्येच अडकले, तर ते कुठे थांबले याचा शोध सर्व्हरवरील नोंदींतून, म्हणजेच ‘लॉग’मधून घेतला जातो. या नोंदीच एकमेकींत मिसळल्या तर शोध खुंटतो. ही सरमिसळ रोखण्याचा पाया डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी घातला.

नोंदी कशा बिघडतात?

सर्व्हरवरचा प्रोग्रॅम एकाच वेळी अनेक ‘थ्रेड’ चालवतो आणि ते सगळे एकाच लॉगमध्ये लिहितात. एकाची ओळ अर्धी असतानाच दुसरा लिहू लागला, तर एकाचा खाते क्रमांक आणि दुसऱ्याची रक्कम शेजारी येते. गर्दीच्या वेळी हे घडते. तपासायला बसले की चूक सापडत नाही.

ते या प्रश्नाकडे कसे वळले?

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅमचा. वडील रसायनतज्ज्ञ, आई गणिताची जाणकार. १९५२पासून ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर होते. १९५७मध्ये विवाहनोंदणीत त्यांनी हाच व्यवसाय लिहिला, पण अधिकाऱ्यांना तो मान्य झाला नाही. ‘एक्स-१’ संगणकावर काम करताना जोडलेली यंत्रे चालू कामात केव्हाही व्यत्यय आणत. त्यातून होणाऱ्या चुका पुन्हा घडवून पाहता येत नसत. याच विषयावर त्यांनी १९५९मध्ये डॉक्टरेट मिळवली.

‘सेमाफोर’ म्हणजे काय?

१९६२मध्ये ते आइंडहोव्हनला प्राध्यापक झाले. त्यांनी सुचवलेल्या ‘सेमाफोर’ला नाव मिळाले ते रेल्वेच्या हात-सिग्नलवरून. एकेरी रुळाच्या टप्प्यात एक गाडी असताना दुसरीला सिग्नल मिळत नाही, तसेच इथे. एक काम आत असेल तर बाकीच्यांनी थांबायचे, ते बाहेर पडले की पुढच्याने जायचे. कितीही कामे असली तरी एका वेळी एकच आत जाईल, अशी रीत त्यांनी १९६५च्या शोधनिबंधात सिद्ध करून दाखवली.

आज त्याचा उपयोग कसा होतो?

थ्रेड आधी पूर्ण ओळ तयार करतो, कुलूप घेतो, लिहितो आणि कुलूप सोडतो. कुलूप शब्दाशब्दाला नव्हे, पूर्ण ओळीला हवे. ते फार वेळ धरले तर सर्व्हर मंदावतो. म्हणून अनेक ठिकाणी सगळे थ्रेड आपल्या ओळी रांगेत ठेवतात आणि लिहिण्याचे काम एकटाच थ्रेड करतो. त्या रांगेलाही हीच शिस्त लागते.

अखेरची वर्षे कशी होती?

१९७२मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ ते १९९९ ते अमेरिकेत ऑस्टिन येथे शिकवत होते. फाउंटन पेनने लिहिलेली त्यांची क्रमांकित टिपणे १,३००हून अधिक आहेत. ६ ऑगस्ट २००२ रोजी त्यांचे निधन झाले. चाचणीत चूक दिसली नाही म्हणजे ती नाहीच, हे त्यांना कधीच पटले नाही. लॉगबाबत ते आजही खरे आहे : शिस्त प्रोग्रॅमच्या रचनेतच हवी.