तळहातावरची लिपी किती गुरुजी शिकले?

हेलन केलरची गोष्ट आपल्याकडे शिक्षकदिनाच्या भाषणात हमखास येते. आंधळी-बहिरी मुलगी, पाण्याचा पंप, तळहातावर बोटांनी लिहिलेला पाणी हा शब्द, आणि मग टाळ्या! गोष्ट तिथेच संपते. त्यानंतर नऊ वर्षांनी हीच मुलगी डोळस आणि ऐकू येणाऱ्या मुलींच्या साध्या शाळेत जाऊन बसली, तेव्हा तिथल्या शिक्षकांनी काय केले, हे कोणी सांगत नाही. चळवळीच्या वाचकाला मात्र हाच भाग महत्त्वाचा वाटला पाहिजे. शाळेत नाव दाखल होणे वेगळे आणि वर्गात जागा मिळणे वेगळे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. लहानग्या भीमरावांचे नाव शाळेच्या पटावर होतेच, पण बसायला घरून नेलेले गोणपाट होते. एल्फिन्स्टन हायस्कुलातही नाव होते, पण संस्कृत मिळाले नाही, फारसी घ्यावी लागली.

हेलनचा जन्म २७ जून १८८० चा, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कंबिया गावचा. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेत तिचा बाप कॅप्टन होता. १९ महिन्यांची असताना एका आजारात तिचे डोळे आणि कान दोन्ही गेले. तिच्या खाणाखुणा घरात चांगल्या कळत त्या स्वयंपाकिणीच्या मुलीला, मार्था वॉशिंग्टनला. मार्था काळी, हेलन गोरी. पुढचे तज्ज्ञ आणि संस्थाचालक यायच्या आधी या अपंग मुलीची भाषा शिकली ती ही कष्टकऱ्याची पोर. तिला कोणी शिक्षिका म्हटले नाही.

३ मार्च १८८७ रोजी ॲन सुलिव्हन आली. वय अवघे २०. गरीब आयरिश स्थलांतरितांची मुलगी, टूक्सबरीच्या सरकारी अनाथालयात वाढलेली. धाकटा भाऊ तिथेच मेला. खुपऱ्यांनी स्वतःचे डोळे अधू झालेले. अशा बाईने पुढचे सगळे केले. ते सर्वांना ठाऊक आहे.

१८९६ च्या ऑक्टोबरमध्ये हेलन बोस्टनजवळच्या केंब्रिज येथे मुलींच्या शाळेत गेली. रॅडक्लिफ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणारी ही शाळा. असली विद्यार्थिनी तिथल्या एकाही शिक्षकाने पूर्वी शिकवली नव्हती. शिक्षक बोलत आणि शेजारी बसलेली ॲन ते बोटांच्या लिपीने हेलनच्या तळहातावर उतरवत जाई. हात गुंतलेला, म्हणून हेलनला वर्गात टिपणे काढता येत नसत. ब्रेल पुस्तके लंडन आणि फिलाडेल्फियाहून यायची. ती वेळेवर येत नसत. मग ॲनने आपल्या अधू डोळ्यांनी पुस्तक वाचायचे आणि हातावर लिहायचे.

त्या शाळेत बोटांची लिपी शिकण्याची तसदी दोघांनीच घेतली. एक जर्मन शिकवणाऱ्या ग्रोटेबाई आणि दुसरे मुख्याध्यापक आर्थर गिलमन. बाईंची बोटे फार हळू चालत. तरी आठवड्यातून दोनदा त्या हेलनला वेगळा तास देत, तेवढीच ॲनला उसंत. बाकीचे शिक्षक दुष्ट होते असे मुळीच नाही. ते आपला विषय नेहमीच्या पद्धतीने शिकवत होते. तो या मुलीपर्यंत पोचवणे हे तिच्याबरोबर आलेल्या बाईचे काम, अशी त्यांची समजूत!

ही समजूत आजही जिवंत आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे. २०१६ चा अपंग हक्क कायदा आहे, त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. मूल पटावर येते आणि विशेष शिक्षक येतील तेव्हा बघतील, असे म्हणून मागच्या बाकावर बसवले जाते. तो विशेष शिक्षक अनेक शाळा फिरणारा. त्याचा दिवस कधी उजाडायचा? वर्गातली गर्दी, निवडणुकीची आणि गणनेची कामे हे शिक्षकाचे दुखणे खरे आहे. पण त्याने मानसिकतेचा प्रश्न सुटत नाही. २०१५ च्या शेवटी पंतप्रधानांनी अपंगांना दिव्यांग म्हणायला सांगितले आणि कागद बदलले. हरिजन या शब्दाचा अनुभव घेतलेल्या समाजाला असल्या गोड नावांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पुन्हा गिलमनकडे वळू, कारण तो माणूस नीट पाहण्यासारखा आहे. १८९७ च्या जूनमधील परीक्षेत त्यांनी स्वतः प्रश्नपत्रिका हेलनच्या हातावर लिहून दिल्या. ती सगळ्या विषयांत उत्तीर्ण झाली, जर्मन आणि इंग्रजीत विशेष प्रावीण्यासह. दुसऱ्या वर्षी गणिताचा भार वाढला, वर्ग मोठा झाला, पुस्तके आणि साधने उशिरा आली. म्हणजे अडचण साधनांची होती. गिलमननी निष्कर्ष काढला तो मुलीच्या कुवतीचा. तिच्यावर ताण पडतो म्हणून त्यांनी तिचे तास कमी केले, अभ्यासक्रम लांबवायचे ठरवले. ॲनशी वाद पेटला आणि आईने मुलीला शाळेतून काढून घेतले. लिपी शिकलेला, जीव लावणारा मुख्याध्यापकही शेवटी तिला झेपणार नाही, इथेच येऊन थांबला. तिरस्काराने मूल बाहेर जाते तसे काळजीनेही जाते.

पुढे खाजगी शिकवणीवर तिने तयारी केली. १८९९ च्या अंतिम परीक्षेत बीजगणिताची चिन्हे तिला न सरावलेल्या ब्रेल पद्धतीत आली आणि हे परीक्षेच्या जेमतेम दोन दिवस आधी कळले. तरी ती पास झाली. १९०० मध्ये रॅडक्लिफ, १९०४ मध्ये पदवी. त्या कॉलेजात तिच्या हाताची लिपी शिकणारे प्राध्यापक एकच, नीलसन.

१९०९ मध्ये ती समाजवादी पक्षात गेली. अंधत्वाचे मूळ नशिबात नाही. ते दारिद्र्यात, कारखान्यातल्या अपघातांत आणि कोंदट वस्त्यांत आहे, असे मांडू लागली. कालपर्यंत तिचे गोडवे गाणारी वर्तमानपत्रे लगेच तिच्या अपंगत्वाकडे बोट दाखवू लागली.

पण तिची पूजा नको. १९१५ मध्ये शिकागोच्या एका डॉक्टरने व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळावर शस्त्रक्रिया नाकारून त्याला मरू दिले. हेलनने त्या डॉक्टरची जाहीर बाजू घेतली. मतिमंद मुलाच्या जगण्याला मोल नाही, असा तिचा सूर होता. जिच्या कुवतीचा निकाल दुसऱ्यांनी परस्पर लावला, तिने तोच निकाल आपल्याखालच्या पायरीवरच्या मुलावर लावला. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता कशाला म्हटले हे ज्याला कळले, त्याला याचे नवल वाटणार नाही. आपल्या वर्गांतही हुशार अंध मुलाचे कौतुक होते आणि बौद्धिक अपंगत्वाचे मूल घरी पाठवले जाते.

पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, हेलनने काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेला शंभर डॉलर आणि पाठिंब्याचे पत्र पाठवले. ते द क्रायसिस मासिकात छापून आले. संपादक होते ड्यू बॉइस, ज्यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले. अलाबामातील तिच्या गोतावळ्यात खळबळ उडाली. त्या राज्याच्या १९०१ च्या घटनेने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवल्या होत्या. हेलन टस्कंबियाच्या साध्या शाळेत बसली असती, तरी तिच्या खुणा समजणारी मार्था त्या वर्गात नसती.