व्हिएन्नाचे जादूगार होफझिन्सर

पत्ते म्हटले की आपल्याला जुगार आठवतो. मुलांच्या हातात पत्ते दिसले की घरातील वडीलधारी माणसे रागावतात आणि त्यांचे रागावणे योग्यच असते. पण याच पत्त्यांना घेऊन एका सरकारी अधिकाऱ्याने जादूच्या कलेत मोठे नाव मिळवले. त्यांचे नाव योहान नेपोमुक होफझिन्सर.

होफझिन्सर यांचा जन्म १९ जून १८०६ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे झाला. मोठेपणी ते अर्थखात्यात नोकरीला लागले. दिवसभर कचेरीतील कागदपत्रे आणि संध्याकाळी जादूचा सराव, असे त्यांचे जीवन होते. १८५७ साली त्यांनी व त्यांच्या पत्नी विल्हेल्मिना यांनी व्हिएन्नात जादूचे खेळ सुरू केले. खेळ आठवड्यातून तीन वेळा होत. त्यांनी या खेळांना फसवणुकीचा एक तास अशा अर्थाचे नाव दिले होते. नाव किती प्रामाणिक आहे पाहा! जुगारी माणूस फसवतो, पण तसे सांगत नाही. होफझिन्सर दारातच सांगून टाकत.

हे खेळ मोठ्या नाटकगृहात होत नसत. दिवाणखान्यात थोडेच पाहुणे बसत आणि तेही अगदी जवळ. मोठ्या पेट्या, पडदे, धूर यांचा तेथे काय उपयोग? तेथे हातात मावणारी वस्तूच हवी. म्हणून त्यांनी पत्त्यांवर सर्वांत जास्त मेहनत घेतली.

आता त्यांच्या एका युक्तीकडे वळू. साध्या पत्त्याच्या एका बाजूला चित्र असते आणि दुसऱ्या बाजूला नक्षी. होफझिन्सर यांनी दोन्ही बाजूंना चित्रे असलेली पाने वापरली. अशी पाने तयार करता येतात, कारण चांगला पत्ता एका जाड कागदाचा नसतो. तो एकमेकांना चिकटवलेल्या थरांचा असतो. पान पाण्यात भिजवून थर हलक्या हाताने वेगळे करायचे, मग दोन पानांची चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवायची. एका बाजूला बदामाची राणी, तर दुसऱ्या बाजूला इस्पिकचा एक्का! काम सोपे वाटते, पण कडा जरा जरी जाड झाली तरी बोटांना ती लगेच कळते. पुढे विसाव्या शतकात पत्ते छापणारे कारखानेच अशी पाने छापू लागले. त्यामुळे ही चिकटवाचिकटवी पुष्कळ कमी झाली.

या पानाचा फायदा उघड आहे. जादूगार हात मोकळे दाखवतो, पान हळूच उलटते आणि पाहता पाहता राणीचा एक्का होतो. नुसत्या बोटांनी हे इतक्या सफाईने करणे फार कठीण आहे. पण या पानात एक मोठी अडचणही आहे. पाहुणा म्हणाला, पान माझ्या हातात द्या, तर काय करणार? म्हणून ते पान वेळेवर जोडात आणणे आणि खेळ संपण्याआधी गुपचूप काढून त्या जागी साधे पान ठेवणे, हे हातालाच करावे लागते. नुसती खास पाने विकत घेऊन कोणी जादूगार होत नाही, असे मला वाटते ते यामुळेच.

होफझिन्सर यांच्याजवळ हे हात होते. पाने पंख्यासारखी पसरून दाखवताना हवे ते पान खालून हळूच सरकवून घेण्याची एक रीत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

११ मार्च १८७५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्याच इच्छेनुसार पत्नीने त्यांचे लेखन व साहित्य नष्ट केले, असे सांगतात. इतक्या वर्षांची मेहनत जणू त्यांच्याबरोबरच गेली. कलेचे रहस्य भलत्याच्या हाती पडू नये, असे कलावंताला वाटणे आपण समजू शकतो. तरीही हे वाचून मन हळहळते.

व्हिएन्नाचेच दुसरे जादूगार ओटोकार फिशर त्या वेळी अगदी लहान होते. मोठे झाल्यावर त्यांनी होफझिन्सर यांच्या शिष्यांकडून जे मिळेल ते गोळा केले आणि १९१० साली जर्मन भाषेत पुस्तक काढले. १९३१ साली त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले.

काही खेळांचे वर्णन तेवढे उरले, रीत मात्र हरवली. त्यांतील एक खेळ चार एक्क्यांचा आहे. पाहुणा एक पान निवडतो, समजा बदामाची राणी, आणि ते जोडात परत ठेवतो. जादूगार चार एक्के हातात घेतो. त्यांतील बदामाचा एक्का आपोआप उलटतो आणि मग तोच बदामाची राणी होतो. होफझिन्सर हे कसे करणार होते, याची नोंद राहिली नाही. तेव्हापासून देशोदेशीच्या जादूगारांनी या खेळाची आपापली उत्तरे शोधली आहेत. कोणी दोन्ही बाजूंना चित्र असलेले पान वापरले, कोणी केवळ बोटांवर भरवसा ठेवला आणि नवी उत्तरे अजूनही निघत आहेत.