नामदेवांचा मोक्ष कोणी ठरविला?

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे गाव नामदेवांच्या नावानेच ओळखले जाते. नामदेवांचा जन्म १२७० सालचा. तो नर्सीस झाला की पंढरपुरास, याविषयी पंडितांत एकमत नाही, व त्या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. वडील दामाशेटी, आई गोणाई, जात शिंप्याची व घरी कापडाचा धंदा. मुलाचे चित्त धंद्यात नाही, ही गोणाईची व पुढे राजाईची तक्रार संतचरित्रांत आली आहे. आमच्या व्यापारी वाचकांस तीत गैर असे काही दिसणार नाही.

आज नामदेवांचे स्मरण आम्ही करितो ते एका जुन्या प्रश्नाकरिता. मनुष्याचा उद्धार त्याच्या यत्नाने होतो, ईश्वराच्या कृपेने होतो, की तो आधीच ठरलेला असतो? ख्रिस्ती धर्मात याच प्रश्नावरून पाचव्या शतकात ऑगस्टिन व पेलॅजियस यांचा वाद माजला. पुढे १६१८-१९ साली हॉलंडात डॉर्ट येथे धर्मसभा भरली, तीत कॅल्विनपंथीयांच्या पूर्वनियोजनाच्या बाजूने निकाल लागला व आर्मिनियसचे अनुयायी बहिष्कृत झाले. दक्षिणेतील श्रीवैष्णवांतही, जीव हा आईस स्वतः घट्ट धरणाऱ्या माकडाच्या पोरासारखा की आईने तोंडात धरून नेलेल्या मांजरीच्या पिलासारखा, यावरून दोन तट पडले. आमच्याकडे हा वाद नुसता पोथीत राहिला नाही, तो जातीच्या रूपाने व्यवहारात उतरला. अंत्यजाचा जन्म हे पूर्वकर्माचे फळ, तेव्हा देवळाचे दार त्यास बंद, असा निकाल जन्मापूर्वीच लागलेला!

नामदेव तर विठ्ठलाचे लाडके. कृपा जणू पदरातच होती. तरी गोरोबा कुंभारांनी थापटण्याने डोकी ठोकून संतांची परीक्षा घेतली तेव्हा नामदेवच कच्चे मडके ठरले, अशी कथा आहे. मग ते औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी ते पाय जिकडे वळवावे तिकडे पिंडी उभी राही. आम्हांस या कथेतील चमत्काराहून महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्याच्यावर देवाची एवढी कृपा, त्यासही औंढ्याची वाट स्वतःच्या पायांनीच चालावी लागली.

त्याच औंढ्यास कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांस देवळामागे घालविले व देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे सांगतात. देऊळ फिरल्याची गोष्ट कोणी मानो वा न मानो. शिंप्यास घालविल्याची गोष्ट मात्र न मानण्यास काही कारण दिसत नाही.

नामदेव उत्तरेत गेले, पंजाबात घुमान येथे राहिले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. परंतु त्यांची आमच्या मते सर्वांत मोठी कृती निराळीच. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून चोखामेळा १३३८ साली त्याखाली गेला. परंपरा सांगते की नामदेवांनी तेथे जाऊन त्याच्या अस्थी शोधून आणिल्या व विठ्ठलाच्या महाद्वारासमोर समाधी बांधविली. चोख्याचे प्रारब्ध पुरे झाले असे म्हणून ते घरी बसले नाहीत.

१३५० साली नामदेवांनी देह ठेविला. महाद्वाराची पायरी त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. चोखोबांच्या जातीच्या लोकांस ती ओलांडून आत जाण्यास १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्याकरिता साने गुरुजींस पंढरपुरास उपोषणास बसावे लागले.