मणिभाई देसाई आणि सुबाभळीचे कठीण बी

किनवट परिसरात मार्चनंतर डोंगरउतारावरचे गवत वाळते आणि जनावरांपुढे टाकायला कडब्याखेरीज फारसे काही उरत नाही. बांधावर सुबाभूळ असेल तर तेव्हाही हिरवा पाला मिळतो. या झाडाला चारापीक म्हणून शेतकऱ्यांपर्यंत नेण्यात मणिभाई देसाई यांचा मोठा वाटा आहे.

मणिभाई मूळचे सुरत जिल्ह्यातले, जन्म १९२० चा. मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुण्याजवळच्या उरुळीकांचनला आले आणि तिथे निसर्गोपचार केंद्र सुरू झाले. त्याची जबाबदारी तरुण मणिभाईंवर आली. आयुष्य याच गावात घालवायचे असे त्यांनी ठरवले, आणि ते पाळले. गोपालनाचे शिक्षण नसताना त्यांनी गीर गाईंचा कळप सांभाळून ते काम शिकून घेतले. १९६७ मध्ये त्यांनी 'बायफ' ही संस्था स्थापन केली. संस्थेने संकरित गाईंसाठी कृत्रिम रेतनाची सेवा गोठ्यापर्यंत नेली. पण चांगली गाय आली तरी तिला खायला काय घालायचे? कोरडवाहू शेतकऱ्याकडे हिरव्या चाऱ्यासाठी पाणी नव्हते. म्हणून १९७० च्या दशकात बायफने हवाई बेटांवरचे के-८ हे उंच वाढणारे सुबाभळीचे वाण हाती घेतले.

इथे अडचण बियाण्याचीच होती आणि ती आजही आहे. सुबाभळीच्या बियांचे कवच इतके घट्ट असते की पाणी आत शिरत नाही. तसेच पेरले तर थोडे बी उगवते, बाकीचे मातीत पडून राहते. शेतकरी म्हणतो बियाणे बोगस निघाले, आणि हंगाम हातचा जातो. खरे तर बी जिवंत असते.

उपाय गरम पाण्याचा आहे. पाण्याला उकळी आणून भांडे खाली उतरवावे. पाणी थोडे निवून सुमारे ८० अंश सेल्सिअस झाले की बी कापडी पिशवीत बांधून तीन-चार मिनिटे बुडवावे. त्या उष्णतेने कवचावरची एक बारीक जागा सैल होते आणि तिथून पाणी आत जाते. त्यानंतर बी रात्रभर साध्या पाण्यात ठेवावे. सकाळी फुगलेले बी पेरावे. जे फुगले नाही त्याला पुन्हा प्रक्रिया द्यावी. बी चुलीवर उकळत ठेवू नये, अंकुर मरतो. पेरण्याआधी रायझोबियम लावावे, पण गरम पाण्याच्या प्रक्रियेनंतरच.

दुसरे तापमान मातीचे. सुबाभूळ उष्ण हवेतले झाड आहे, उगवणीला २५ ते ३० अंश मानवते. म्हणून पावसाच्या सुरुवातीची पेरणी योग्य. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रोप जागच्या जागी राहते. लसूणघासाचे याच्या उलट आहे, ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरतात. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात सुबाभूळ लावू नये, मुरमाड उतार बरा. पहिले काही महिने रोप अगदी हळू वाढते, तेव्हा तण काढणे आणि शेळ्यांपासून राखणे भाग आहे.

मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९३ मध्ये ते गेले. त्याआधी काही वर्षे सुबाभळीवर सिलिड किडीने हल्ला केला आणि झाडाबद्दलचा सुरुवातीचा उत्साह ओसरला. पाल्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असते हेही तोवर सर्वांना कळले होते. त्यामुळे एकूण चाऱ्यात हा पाला एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नये, आणि शेंगा पिकून बी सांडण्याआधीच झाड छाटावे, नाहीतर तेच तण होऊन बसते.