यकृताच्या अर्कातून कर्करोगाकडे

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम येथे झाला. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी खादी स्वीकारली. ते शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना रुचले नाही आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस या दुय्यम पदवीवर त्यांची बोळवण झाली. याच काळात त्यांचे दोन भाऊ स्प्रू या पचनविकाराने दगावले. पुढे ते बोस्टनला गेले. पत्नी शेषगिरी यांची पुन्हा भेट झाली नाही.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासह त्यांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि पेशींना ऊर्जा पुरवणारे एटीपी शोधले. एवढे करूनही तेथे कायमची जागा मिळाली नाही. १९४०मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले.

रोज यकृत खाऊ घातल्यास घातक रक्तक्षय आटोक्यात येतो, हे १९२६मध्येच सिद्ध झाले होते. यकृतातील तो घटक कोणता, हा सुब्बारावांचा ध्यास होता. त्याच सुमारास मुंबईत ल्युसी विल्स या इंग्रज संशोधिका गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करीत होत्या. त्यात गिरणी कामगार स्त्रियाही होत्या. यकृत आणि यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे विल्स यांनी दाखवले. तो गुण फोलिक आम्लाचा होता. सुब्बाराव शोधू गेले एक आणि हाती आले हे दुसरेच! १९४५मध्ये त्यांच्या गटाने ते प्रयोगशाळेत तयार केले. भावांचा बळी घेणाऱ्या स्प्रूवरही ते उपयोगी ठरले.

पेशीला दुभंगण्यापूर्वी नवा डीएनए घडवावा लागतो. त्यासाठी फोलिक आम्ल लागते. परंतु ते आपण होऊन कामाला येत नाही. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे प्रथिन त्याचे रूप पालटते, तेव्हाच पेशी पुढे सरकते. सुब्बारावांच्या गटाने फोलिक आम्लाशी साम्य असलेले अमिनोप्टेरिन बनवले. ते या प्रथिनाला अडकवून ठेवते. गंमत अशी, की औषध आधी आले आणि ते प्रथिन ओळखले गेले १९५०च्या दशकाच्या अखेरीस.

बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या १६ मुलांना दिले. दहा जणांत सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती. पण तोवर या मुलांसाठी काहीच नव्हते. हा निबंध जून १९४८मध्ये प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये, ५३व्या वर्षी, सुब्बाराव झोपेतच गेले.

अमिनोप्टेरिनचे भावंड मेथोट्रेक्सेट आज संधिवातातही दिले जाते. ते घेणाऱ्यांना सोबत फोलिक आम्लाची गोळी देतात आणि यकृताची तपासणी ठरावीक काळाने करायला सांगतात.