पाश्चर यांची लस आधी कुत्र्यांना दिली गेली

दुधाच्या पिशवीवरचा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द ज्यांच्या नावावरून आला, ते लुई पाश्चर डॉक्टर नव्हते. २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल येथे कातडी कमावणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षण रसायनशास्त्राचे. ते आठ वर्षांचे असताना त्यांच्या आर्ब्वा गावाच्या परिसरात पिसाळलेला लांडगा सुटला होता. चावलेल्यांना लोहाराकडे नेऊन जखमेवर तापलेल्या लोखंडाचा डाग देत. यावर हसू नये. आपल्या दारव्हा भागातही जखमेत तिखट किंवा चुना भरून आलेले रुग्ण आम्ही पाहतो.

पाश्चर यांची पाचपैकी तीन मुले लहानपणीच गेली. १८६८ मध्ये पक्षाघाताने डावी बाजू अधू झाली. रेबीजचे काम त्यानंतरचे, १८८० पासूनचे. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून हा विषाणू दिसत नव्हता. तरी रोगी सशाचा मज्जारज्जू बाटलीत टांगून वाळवला, की दिवसागणिक त्याचे विष कमी होते, हे त्यांना आढळले. आधी सर्वांत वाळलेला, मग क्रमाने ताजा, असा अर्क टोचलेले कुत्रे रेबीजपासून वाचले. १८८४ मध्ये सरकारी समितीनेही हे तपासून मान्य केले.

म्हणजे ही लस आधी कुत्र्यांची होती. देशातील सगळ्या कुत्र्यांना ती द्यावी, असाही विचार पाश्चर यांनी केला. पण एकेका जनावराला अनेक इंजेक्शने, आणि कुत्री लाखोंनी! तो विचार मागे पडला. चावल्यापासून रोग दिसेपर्यंत बहुधा काही आठवडे जातात. त्या अवधीत माणसालाच टोचावे, असे ठरले. ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिले इंजेक्शन दिले गेले. पाश्चर यांना तसा परवाना नसल्याने सुई डॉक्टर ग्रांशे यांनी टोचली. १३ इंजेक्शनांनंतर जोसेफ वाचला.

त्यांची खरी परीक्षा मात्र, माझ्या मते, त्याच वर्षी नोव्हेंबरात झाली. लुईझ पेलतिए ही मुलगी चावल्यानंतर तब्बल ३७ दिवसांनी आली. उशीर झाल्याचे, आणि ती दगावली तर लसीवरच बोट ठेवले जाईल, हेही पाश्चर जाणून होते. आईवडिलांना त्यांना नाही म्हणवले नाही. मुलगी गेली.

१८८८ मध्ये पॅरिसला त्यांची संस्था उभी राहिली. तिथेच काम केलेले हाफकिन पुढे मुंबईत आले आणि १८९७ मध्ये त्यांनी प्लेगची लस दिली; परळची संस्था त्यांच्याच नावाची. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारले. त्या दिवशी जागतिक रेबीज दिन पाळतात.

कुत्र्यांना एकाच टोच्यात देता येईल अशी लस १९२० च्या सुमारास जपानमध्ये निघाली आणि पाश्चर यांनी सोडलेला विचार शक्य झाला. आज पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली मात्रा, साधारण महिन्याने दुसरी, नंतर दरवर्षी एक, असा क्रम पशुवैद्यक सांगतात. मांजरालाही तोच, मांजर घरातच असते म्हणून लस टाळणारे पुष्कळ आहेत. लसीचे कार्ड जपून ठेवावे. कार्ड असलेला कुत्रा चावला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात यावे. पोटातली १४ इंजेक्शने केव्हाच बंद झाली; आता ती दंडात देतात.